पाकिटातली चिठ्ठी

गेल्या मार्चमध्ये संध्याकाळच्या गर्दीत ठाणे स्थानकावर उतरलो आणि सवयीने शर्टाच्या खिशावर हात गेला, तेव्हा मोबाईल जागेवर नव्हता. चोरीचे वाईट वाटलेच, पण खरी नामुष्की पुढच्या पाच मिनिटांत वाट्याला आली. बाकावर बसलेल्या एका मुलाने "काका, घरी कळवा" म्हणत स्वतःचा फोन पुढे केला, आणि तो हातात घेऊन मी नुसता उभा राहिलो. पत्नीचा नंबर मला पाठ नव्हता. मुलीचाही नव्हता. बोटांना आठवत होता तो डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या घरच्या लँडलाइनचा नंबर, जो बंद करून दहा-बारा वर्षे झाली आहेत.

सुरक्षितता म्हटले की आपण दाराला दुसरे कुलूप लावतो, जिन्यात कॅमेरा बसवतो, सोसायटीच्या सभेत वॉचमनच्या झोपेवर तासभर बोलतो. घरातली सगळी माहिती, पैसे, कागदपत्रे आणि नातेवाईक मात्र आपण एका उपकरणात कोंडून ठेवले आहेत आणि ते उपकरण गर्दीत वरच्या खिशात घेऊन हिंडतो. माझ्या मते आजच्या मध्यमवर्गीय घरातली सर्वांत मोठी बेसावधपणाची जागा हीच आहे.

आईच्या घरी फोनशेजारी सुतळीने बांधलेले पेन आणि एक डायरी असे, आणि डॉक्टर, गॅसवाला, वरच्या मजल्यावरचे जोशी हे सगळे कालनिर्णयच्या मागच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेले असत. जुन्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत, कारण त्याच घरात गॅसची रबरी नळी तडा जाईपर्यंत कोणी बदलत नसे. पण एक वस्तू हरवली तर घर मुके होत नसे, एवढे मात्र खरे.

फोन चोरीलाच जावा लागतो असेही नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हजारो लोक रात्रभर पाण्यातून चालत होते आणि फोन लागत नव्हते. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले, तेव्हाही वीज आणि नेटवर्क दोन्ही गेल्यामुळे बाहेरगावच्या नातेवाइकांना आपली माणसे कुठे आहेत हे समजायला मार्ग नव्हता. अशा वेळी सर्वांनी बाहेरगावच्या एकाच ठरलेल्या नातेवाइकाला निरोप द्यायचा, हे आधी बोलून ठेवलेले असावे. आमच्या घरी तो मान नाशिकच्या आत्याकडे आहे, आणि तिला त्याचा बराच अभिमान आहे.

आता माझ्या पाकिटात व्हिजिटिंग कार्डाएवढी एक चिठ्ठी आहे. बॉलपेनने लिहिलेली आणि दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावलेली, कारण पहिली चिठ्ठी घामाने आठवड्याभरात पुसट झाली होती. तिच्यावर घरातल्या दोघींचे आणि आत्याचे नंबर, माझा रक्तगट, मला न चालणारे एक औषध, बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक आणि फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनची स्वतःची ओळख, आहे. शेवटचा क्रमांक फोनवर *#06# दाबले की दिसतो, पण फोन हातात असेपर्यंतच. पिन किंवा पासवर्ड त्या चिठ्ठीवर अर्थातच नाही. तो लिहिणाऱ्या माणसाने चिठ्ठी न केलेलीच बरी.

एका गोष्टीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, ती म्हणजे सिमचे कुलूप. फोनच्या पडद्याला तुम्ही कितीही कडक पासवर्ड ठेवा, चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. सेटिंगमध्ये सिमला पिन लावण्याची सोय असते. तो लावला की फोन सुरू करताना किंवा सिम बदलताना चार आकडे मागितले जातात. मात्र आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकला तर सिम अडकते आणि ते उघडायला कंपनीचाच पीयूके क्रमांक लागतो. माझे मोठे भाऊ अंदाजाने आकडे दाबत बसले आणि अख्खा रविवार घालवून बसले.

फोन गेल्यानंतर मी आधी पोलिसांकडे धावलो, ही माझी चूक. आधी सिम बंद करायला हवे, मग बँक आणि यूपीआय, आणि त्यानंतर लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार. त्या तक्रारीची प्रत आणि आयएमईआय क्रमांक असला की सरकारच्या सीईआयआर संकेतस्थळावर फोन सर्व नेटवर्कांवर बंद करता येतो. 2023 च्या मे महिन्यापासून ही सोय देशभर आहे. पैसे गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल, तितकी ते वाटेत रोखले जाण्याची शक्यता जास्त.

गॅसची गोष्ट वेगळी वाटेल, पण मुद्दा तोच आहे. वास आल्यावर घरात उभे राहून फोनमध्ये नंबर शोधणे हा शुद्ध वेडेपणा आहे. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, आणि बाहेर पडून मगच 1906 ला फोन करावा. तो आकडा आम्ही दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या कपाटावर चिकटवला आहे. बाहेर पडताना नजर तिथेच जाते.

"बाबा, मी अडकलेय, पैसे पाठवा," असा अनोळखी नंबरवरून फोन आला तर विचारायचा एक प्रश्नही आम्ही ठरवला आहे. त्याचे उत्तर कुठल्याही फोनमध्ये लिहिलेले नाही. पोलिसांचा वेष घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणाऱ्यांसाठी तर प्रश्नाचीही गरज नाही, कारण अशी अटक कायद्यात नाहीच. फोन ठेवून द्यावा.

मुलीला हे सगळे हास्यास्पद वाटे. आता जेवताना तीच माझी परीक्षा घेते. पत्नीचा नंबर मला येतो. मुलीच्या स्वतःच्या नंबरातले सातवा आणि आठवा हे दोन आकडे माझे अजूनही उलटसुलट होतात, आणि मग पाकीट काढावे लागते.