सही केली होती ना?

सकाळी एका बाईच्या व्हायरल व्हिडिओच्या बातमीखाली, कमेंटमध्ये, ते नेहमीचं वाक्य दिसलं: 'स्वतःच्या मर्जीने केलं ना, मग आता रडायचं कशाला?' तेव्हापासून डोकं फिरलंय.

मर्जी कशी मिळवतात ते बघा. अमेरिकेतल्या सॅन डिएगोची 'गर्ल्स डू पॉर्न' ही पॉर्न साइट. जाहिरात मॉडेलिंगची, मुली अठरा-वीसच्या. खरं काम नंतर सांगायचे, वर भरवसा द्यायचे की फक्त परदेशात डीव्हीडी जाणार, इथे कुणाला दिसणार नाही. पोरीला शंका आली की फोनवर एखादी 'आधी काम केलेली' मुलगी समजूत काढायची. तिला त्या खोटं बोलण्याचेच पैसे मिळायचे. मग हॉटेलची खोली, पुढ्यात करार, घाई. करारात वेबसाइटचं नावच नाही. सही झाली. पुढे व्हिडिओ थेट इंटरनेटवर.

२२ जणी कोर्टात गेल्या. जानेवारी २०२० मध्ये सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर मंजूर झाले, व्हिडिओंचे हक्कही त्यांना मिळाले. सूत्रधार मायकेल प्रॅट पळाला, २०२२ ला माद्रिदमध्ये सापडला, २०२५ मध्ये २७ वर्षांची कैद. सही तिथेही होतीच की!

हो, मान्य, राजीखुशीने हे काम करणाऱ्या बायका आहेत आणि कुणी 'बिचारी' म्हटलं की त्या चिडतात. चिडणारच. पण नीट चालणाऱ्या सेटवर काय असतं? शूटच्या आधी हो-नाहीची यादी: काय चालेल, काय नाही, कोणासोबत. दर १४ दिवसांनी लैंगिक आजारांची तपासणी. तरी गोची होतेच, कारण पैसे दर सीनप्रमाणे मिळतात. कॅमेरा सुरू झाल्यावर 'नको' म्हटलं तर दिवस बुडायची भीती, पुढचं काम जायची भीती. मग ती यादी कागदावरच राहते.

आपला कायदा तरी शहाणा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, आधीच्या दंड संहितेचं ३५४-सी: बाईने खासगी क्षणाचा फोटो काढू दिला पण पसरवायला हो म्हटलं नसेल, तर पसरवणं गुन्हा. २०१३ पासून आहे हे!

कुणावर वेळ आलीच तर घाबरून चॅट उडवू नका, तिथेच पुरावा जातो. आधी लिंक, अकाउंटचं नाव, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, मग सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. वय १८ च्या वर असेल तर 'स्टॉप एनसीआयआय', असे खासगी फोटो पसरण्यापासून रोखणारी वेबसाइट. त्यात फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त हॅश, म्हणजे फोटोवरून बनलेला ओळख-कोड, जातो. मात्र सामील असलेल्या साइट्सवरच चालतं, ही त्यातली गोम.

आणि दादा, ते वाक्य लिहिणारे तुम्ही. होमलोनच्या फायलीवर पेन्सिलच्या फुल्या होत्या तिथे तिथे सह्या करत गेलात ना? किती पानं वाचलीत?