ॲप तज्ज्ञ तपासतील, मग शिक्षकाने काय करायचं?

नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नवं तंत्रज्ञान पारखणं हे तज्ज्ञांचं काम, शिक्षकाला ते चालवता आलं की झालं, त्याला दोन तासांचं प्रशिक्षण पुरे, आणि मुलांना आवडलं म्हणजे साधन चांगलंच. मला यातला एकही मुद्दा पटत नाही.

तज्ज्ञांनी तपासलं असेल, पण कुठल्या मुलांवर? पेठ तालुक्यातल्या माझ्या तिसरीच्या वर्गात वाचन ऐकून गुण देणारं एक ॲप आलं. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी एक मुलगी धडा न अडखळता वाचायची, अर्थही नीट सांगायची. ॲप तिच्या उच्चारांवर लाल खुणा करत राहिलं. तिसऱ्या दिवशी तिने मोठ्याने वाचणंच सोडलं. मी ते ॲप बंद केलं. तेव्हापासून वाचनाचं कुठलंही साधन आलं की आधी वेगवेगळ्या घरांतल्या चार-पाच मुलांना त्यावर वाचायला लावते आणि शेजारी बसून ऐकते.

चालवता येण्याचं म्हणाल, तर ते पाच मिनिटांत जमतं. प्रश्न पुढचा आहे. 42 मधून 17 वजा करताना मूल 35 लिहितं. ॲप म्हणतं, ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’. मुलाने एकक स्थानी 7 मधून 2 वजा केले, हातचा घेतलाच नाही, हे ते दाखवतं का? दाखवत नसेल, तर फळ्यापेक्षा त्याने जास्त काय दिलं? पेरूमध्ये 319 ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, 2012 साली तो प्रसिद्ध झाला. मुलांच्या हातात लॅपटॉप आले, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही.

दोन तासांच्या प्रशिक्षणात कंपनीचा माणूस स्क्रीनवर सगळं सुरळीत चालवून दाखवतो. पारख त्यातून येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान 50 तास धरले आहेत. त्यातले काही याला द्या. केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, पाच शिक्षकांनी एकच साधन आपापल्या वर्गात दोन आठवडे वापरावं. नेट गेल्यावर काय झालं, कोणतं मूल मागे राहिलं, आपला किती वेळ गेला, हे वहीत लिहावं आणि शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एकमेकांच्या वह्या वाचाव्यात. माझ्या सहकाऱ्याचं मत माझ्याविरुद्ध गेलं, तेव्हाच मी सर्वांत जास्त शिकले.

मुलांना आवडतं, हे खरंच. चांदण्या आणि नाणी मिळाली की कुणाला आवडणार नाही? आठवड्याने मोबाइल बाजूला ठेवून तेच गणित पाटीवर घाला, मग कळेल.

मुलांच्या माहितीबद्दल तर त्या मजकुरात अवाक्षर नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे. ॲप मुलाचा फोटो, आवाज, पालकांचा नंबर मागत असेल तर ते कशासाठी, हे मी आधी विचारते. उत्तर मिळेपर्यंत एकाही मुलाचं नाव त्यात भरत नाही.