कुत्र्याला बीचवर आणता, मग पाणी का नाही आणत?

दरवेळी तेच! लांबच्या, निर्मनुष्य बीचवर लोक कुत्रा घेऊन येतात, स्वतःसाठी थंडगार बाटल्या, छत्री, स्पीकर सगळं असतं आणि त्या बिचाऱ्यासाठी वाटीभर गोडं पाणी नसतं. मग तो तहानेने समुद्राचं पाणी प्यायला लागतो आणि हे हसत हसत व्हिडिओ काढतात. अहो, खारं पाणी पोटात गेलं की उलट्या, जुलाब, खूप गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, जीवसुद्धा जातो, आणि तिथे ना डॉक्टर ना मोबाईलला रेंज, काय करणार आहात तुम्ही?

बॉलचंही तेच, कोरड्या वाळूत फेकत बसायचं, प्रत्येक वेळी बॉलबरोबर थोडी वाळू पोटात जाते, ती आतड्यात साचून अडकली तर थेट ऑपरेशन.

आणि भर दुपारी तर मला बघवतच नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार करतो, वरून ऊन, खालून तापलेली वाळू, तो पाय उचलून उचलून चालतोय आणि मालक चपला घालून पुढे! हाताची मागची बाजू ७ सेकंद वाळूवर ठेवून बघा ना एकदा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही सोसत.

सकाळी लवकर या, पाणी जास्तीचं आणा, मधेमधे सावलीत बसवून पाजा. तेवढंही जमत नसेल तर त्याला घरीच राहू द्या, खरंच.