उरचं ते सोनेरी वाद्य "जसंच्या तसं" सापडलेलं नाही

बैलाच्या तोंडाच्या सोनेरी वाद्याचा व्हिडिओ परत ग्रुपाग्रुपांत फिरतोय. खाली लिहिलेलं असतं, "4500 वर्षांपूर्वीच्या राणीच्या थडग्यातलं जगातलं सगळ्यात जुनं वाद्य, अख्खं सोन्याचं, जसंच्या तसं मिळालं, ऐका तेव्हाची ओरिजिनल धून." थडगं खरं, इराकमधल्या उर या प्राचीन शहरातलं, बैल खरा, वयही साधारण बरोबर. बाकीचं नाही.

सगळ्यात जुनं? जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत गिधाडाच्या हाडाची बासरी मिळालीय, ती 35 हजार वर्षांपेक्षा जुनी मानतात. उरची लायर (चौकटीत ताणलेल्या तारा छेडून वाजवायची वाद्यं) जगातल्या सगळ्यात जुन्या शिल्लक तंतुवाद्यांपैकी आहेत असं लिहा ना, तेही काही कमी नाही.

आता "जसंच्या तसं". ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली 1922 ते 1934 दक्षिण इराकमध्ये उरला खोदत होता, आणि तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांत ही वाद्यं निघाली तेव्हा लाकूड पार कुजून गेलेलं, तारा तर कधीच गेलेल्या, राहिली होती ती मातीत लाकडाच्या जागी पडलेली पोकळी. वूलीने त्या पोकळीत प्लॅस्टर ओतलं आणि वाद्याचा आकार आणि वरची नक्षी त्याने अशी धरून ठेवली. मला तर सोन्यापेक्षा हेच जास्त थरारक वाटतं, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नसतं. पुआबी राणीच्या थडग्यात एक बाई लायरला टेकून पडलेली होती, वूलीच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या हातांची हाडं बरोबर तारांच्या जागी होती. तिथलंच वाद्य ब्रिटिश म्युझियममध्ये आधी चुकीचं जोडलं गेलं होतं, हार्प (वेगळं तंतुवाद्य) आणि लायर मिळून एकच वाद्य समजून, नंतर ते सुटं केलं. जसंच्या तसं मिळालं असतं तर असा घोळ झाला असता का?

अख्खं सोन्याचंही नाही. बैलाचं तोंड म्हणजे लाकडावर चढवलेला सोन्याचा पत्रा, आणि निळे भाग लॅपिस लाझुलीचे, तो दगड पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. बगदादच्या म्युझियममधलं लायर 2003 च्या लुटीत मोडलं, पण बैलाचं खरं सोन्याचं तोंड बँकेच्या तिजोरीत होतं म्हणून वाचलं.

राहिली धून. उरच्या त्या थडग्यांच्या काळातलं लिहून ठेवलेलं एकही गाणं आपल्याकडे नाही. अशा व्हिडिओंना बऱ्याचदा जोडतात ते हुरियन भाषेतलं स्तोत्र सीरियातल्या उगारित या प्राचीन शहरातलं, साधारण इ.स.पू. 1400 चं, म्हणजे हजारभर वर्षांनंतरचं, भाषाही वेगळी, आणि त्याच्या मातीच्या पाटीवरच्या सुरांच्या खुणा कशा वाचायच्या यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाहीये. वाजवायचं कसं ते मात्र थोडं दिसतं, एका लायरच्या शिंपल्याच्या पट्टीवर गाढव बैलतोंडी लायर वाजवतंय आणि अस्वल ते धरून उभंय, ती पट्टी फिलाडेल्फियाच्या पेन म्युझियममध्ये आहे.

व्हिडिओ जरूर पाठवा, वाजवणारे मनापासून वाजवतात. फक्त वाद्य नव्याने बनवलेलं आहे आणि धून उरची नाही, एवढं सोबत लिहा.