बंगाली बाबाच्या शेजारचा स्टिकर

परवा संध्याकाळच्या ठाणे स्लोमध्ये भांडुपला उतरायला दाराकडे सरकत होतो, तेवढ्यात डोळ्यांसमोर एक स्टिकर आला. 'क्रेडिट कार्डचं कर्ज? 50 टक्के माफ! रिकव्हरीचे फोन बंद!' त्याच्या अगदी शेजारी बंगाली बाबा, चोवीस तासांत वशीकरण. गॅरंटी दोघांचीही सारखीच. हसू आलं, कारण मी बाबाकडे कधी गेलो नाही, पण या दुसऱ्याकडे जाऊन आलोय.

गोष्ट 2022 ची. दोन क्रेडिट कार्डं, मिळून 2 लाख 40 हजार थकलेले. कशाचं कर्ज म्हणाल तर धड सांगता येत नाही. गावच्या घराची कौलं, मुलीच्या क्लासची फी, फ्रिज, एका वर्षीचा गणपती. लग्न नाही, आजारपण नाही, ज्याचं नाव घेतल्यावर लोक 'अरेरे' म्हणतील असं काहीच नाही. दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम, भरायचा आणि आपण वेळेवर भरतोय या समाधानात झोपायचं.

एका रविवारी स्टेटमेंट आणि पेन्सिल घेऊन बसलो. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे 8,400. व्याजावर 18 टक्के जीएसटी, 1,512. झाले 9,912. मिनिमम ड्यू पाच टक्के, 12,000. म्हणजे बारा हजार भरून मुद्दलातून गेले 2,088. असं वर्षभर भरत राहिलं तर खिशातून सव्वा लाखाच्या वर जातात आणि कर्ज उतरतं जेमतेम 24 हजारांनी. मी अकाउंट्समध्ये नोकरी करतो. दुसऱ्यांची बॅलन्स शीट जुळवून देतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली. असो.

मग गेलो त्या कंपनीत. अंधेरी ईस्टला काचेचं ऑफिस, गेल्या गेल्या पाण्याची छोटी बाटली, समोर गोड बोलणारी मुलगी. योजना अशी: आजपासून कार्डाचे पैसे भरणं बंद. बँक सहा-आठ महिन्यांत टेकीला येईल, निम्म्यावर तोडू. याला सेटलमेंट म्हणतात, निम्मे भरायचे, बाकीचे बँक सोडणार. तोवर आमची फी महिना साडेतीन हजार, आणि जेवढं वाचेल त्याचे पंधरा टक्के वेगळे. फोन आमच्याकडे वळवा, तुम्ही निवांत राहा.

मी चार महिने निवांत राहिलो. 14 हजार त्यांना गेले. कार्डावर लेट फी, व्याज, व्याजावर व्याज चढत गेलं. फोन काही बंद झाले नाहीत. एके दिवशी वसुलीवाला थेट सोसायटीच्या गेटवर आला आणि वॉचमनला माझ्याबद्दल विचारून गेला. वॉचमनने ते बायकोला सांगितलं. मी तोवर घरात काहीच बोललो नव्हतो. त्या संध्याकाळबद्दल लिहीत नाही.

माझं मत या एका गोष्टीवर बनलंय. जो माणूस तुमचा हप्ता बंद करायला सांगतो आणि त्याच श्वासात स्वतःचा हप्ता सुरू करतो, त्याच्यासमोरून उठायचं. बाटली घेऊन उठलात तरी चालेल. अमेरिकेत, जिथून हा धंदा रीलमधून आपल्याकडे आला, तिथे 2010 पासून फोनवरून गिऱ्हाईक पकडणाऱ्या अशा कंपन्यांना एखादं कर्ज खरोखर मिटवून दाखवल्याशिवाय फी घेता येत नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 11 डिसेंबर 2023 ला कर्जमाफीच्या अशा अनधिकृत जाहिरातींपासून सावध राहायला सांगितलं, कर्जमाफीची सर्टिफिकेटं विकणाऱ्यांचा त्यात उल्लेखही केला. स्टिकर मात्र अजून लागतायत.

मला बाहेर काढलं ते आमच्या ऑफिसच्या पतपेढीच्या सचिवांनी. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. कागद बघून त्यांनी एकच विचारलं, "तुझा पगार चालू आहे ना रे? मग तुला सेटलमेंट कशाला हवंय? तुला व्याज कमी करून हवंय."

एवढं साधं. 42 टक्क्यांचं कर्ज 11 टक्क्यांवर आणायचं, बास. पतपेढीचं कर्ज पगारातून कापून जातं, हात लावायची सोयच नाही. एका कार्डाचे पैसे तिथून भरले. दुसऱ्यासाठी बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून गोल्ड लोन काढलं. पाटल्या काढताना ती काही बोलली नाही, साबण लावून काढाव्या लागल्या एवढंच. पतपेढीला दोन जामीनदार लागतात. ऑफिसात जामीनदार शोधत फिरणं म्हणजे काय, ते फिरलेल्यालाच ठाऊक. डबा खाताना लोक अचानक फोनवर बोलायला लागतात. तरीही सांगतो, त्या कंपनीच्या काचेच्या ऑफिसापेक्षा ही लाज स्वस्त पडली.

आता सेटलमेंट वाईटच का? नाही. माझ्या मेव्हण्याची नोकरी गेली, दहा महिने घरी होता, पर्सनल लोनचे 1 लाख 90 हजार थकले. त्याला भाऊंनीच सेटलमेंट कर म्हणून सांगितलं. तो स्वतः बँकेशी बोलला, मध्ये कुणाला घेतलं नाही. राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली होती, तिथे गेला. 85 हजारांवर तुटलं, तीन हप्त्यांत. लोकअदालतीत जे ठरतं त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे बँकेला नंतर शब्द फिरवता येत नाही. वकिलाशिवायही जाता येतं. त्याने सांगितलेली गंमत म्हणजे पहिला आकडा बँकेच्या माणसाने 1 लाख 40 हजार सांगितला होता. हा नुसता गप्प बसून राहिला. मेव्हणा एरवी गप्प बसणारा नाही, पण त्या दिवशी जमलं.

किंमत मात्र त्याने मोजली. सिबिल, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी, तिच्या रिपोर्टात त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लागलं. ते वर्षानुवर्षं दिसत राहतं. पुढे स्कूटरच्या कर्जाला नकार आला. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या नियमांप्रमाणे तडजोड झालेल्याला तीच बँक किमान बारा महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. मेव्हण्याला ते परवडलं, कारण त्याच्याकडे दुसरा रस्ताच नव्हता. मला परवडलं नसतं, पोरीच्या शिक्षणाचं कर्ज पुढे उभं आहे. 'निम्मं माफ' ऐकून पगारदार माणसं उड्या मारतात, त्यांनी आधी हा हिशोब करावा.

आणि तोडायचंच असेल तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र आल्याशिवाय एक रुपया भरू नका. रक्कम, तारखा, खाते क्रमांक, 'यापुढे काही बाकी नाही' हे वाक्य, सगळं त्यात हवं. व्हॉट्सॲपवरचा 'सर हो जाएगा' म्हणजे पत्र नव्हे. पर्सनल लोनचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल तर 'खातं रिकामं ठेवा' हा सल्लाही ऐकू नका. तो हप्ता परत गेला तर चेक बाउन्ससारखी फौजदारी केस होऊ शकते, 2007 च्या पेमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25. अंधेरीच्या त्या कंपनीतल्या गोड मुलीने हे कुणालाच सांगितलं नसणार.

वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही. नातेवाईक, शेजारी, वॉचमन यांच्यासमोर तुमची अब्रू काढायचीही नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फुकट आहे, ऑनलाइन आहे. मी वॉचमनच्या प्रकाराची तारीख-वेळ घालून बँकेला मेल टाकला, त्यानंतर गेटवर कुणी आलं नाही. त्याआधी चार महिने हेच काम करायचे साडेतीन हजार देत होतो.

दिवाळं काढायचा सल्लाही एका शहाण्याने दिला होता. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात साध्या माणसासाठी प्रकरण आहे, पण ते अजून लागूच केलेलं नाही. मुंबईत त्यासाठी आजही इंग्रजांचा 1909 चा कायदा आणि हायकोर्टाची पायरी. अडीच लाखांसाठी तिथे कोण जाणार?

पाटल्या मागच्या वर्षी सुटल्या. पतपेढीचे सात हप्ते राहिलेत. त्या कंपनीचा अजून मेसेज येतो, 'सर, युवर फाइल इज स्टिल ओपन.'

गेल्या महिन्यात ऑफिसातला एक नवा मुलगा जिन्यात गाठून विचारत होता, अंधेरीला एक कंपनी आहे म्हणे. त्याला कॉलर धरून भाऊंकडे नेलं. कर्ज मंजूर झालं, जामीनदार म्हणून एक सही माझी आहे. बायकोला सांगितलेलं नाही. ती फेसबुकवर नाही, तुम्हीही सांगू नका.