बुटात पडलेली वीज

मी दारव्ह्याकडच्या एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. साहेबांचा दंडक असा, की संस्थेचा माणूस काळ्या बुटात दिसला पाहिजे. गावाचा दंडक असा, की बूट उंबरठ्याबाहेर निघाले पाहिजेत. या दोन दंडकांच्या मध्ये माझे पाय सापडले आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला, त्यात बंद बूट आणि नायलॉनचे मोजे. सपरीत बूट काढले की आधी बाजेखालचं कुत्रं उठून जातं. मग आजी पदर नाकाला लावते.

"काव सुनबाई, मांजरीनं उंदीर-गिंदीर मारून ठेवला का वं इथं?"

सूनबाई शंभराची नोट लांबूनच बाजेवर ठेवते. पावती मागत नाही. इतका विश्वास पतसंस्थेच्या अध्यक्षांवरही कोणाचा नसेल.

खरं तर घामाला स्वतःचा वास नसतो. वास काढतात ते कातडीवरचे जंतू. घामातलं ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल खाऊन ते आयसोव्हॅलेरिक नावाचं वासट आम्ल सोडतात. परदेशात लिंबर्गर नावाचं एक चीज मिळतं, त्याला वास आणणारे जंतू या पायावरच्या जंतूंचेच भाऊबंद. मलेरियाच्या डासाची मादी या चीजकडे आणि माणसाच्या पायांकडे सारख्याच ओढीनं जाते, हे दाखवणाऱ्यांना 2006 साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. म्हणजे माझ्या पायांवर मनापासून जीव लावणारं कोणी तरी आहे.

नागपूरला शिकणारा भाचा सुटीत आला तो ओझोनचं यंत्र घेऊनच. म्हणाला, "मामाजी, 2025 चं इग नोबेल बुटाच्या वासासाठी दोन भारतीयांना भेटलं. त्यांनी बुटांच्या रॅकमध्ये अतिनील दिवा लावला होता, आपण ओझोन लावू."

बायको म्हणाली, "पहिले पाय धुवा म्हणा त्यायले."

यंत्र हातात मावेल एवढं. त्यात जास्त दाबाची वीज हवेतून खेळते, ऑक्सिजनच्या जोड्या फुटतात आणि अणू तिघातिघांनी हिंडायला लागतात, तोच ओझोन. तिसरा अणू एका जागी ठरत नाही. दिसेल त्याला जाऊन भिडतो, जंतूची भिंत फोडतो, वासाचे रेणू तोडतो. इथपर्यंत सगळं मला पटलं. मग भाच्यानं सूचनांचा कागद वाचला. खोली बंद हवी, आत माणूस नको, जनावर नको, आणि नंतर दारं-खिडक्या उघडून हवा जाऊ द्यावी. कारण हा गॅस छातीलाही तसाच भिडतो. खोकला आणतो, दमेकऱ्याला तर फारच वाईट. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी त्याची मर्यादा कोटी भाग हवेत एक भाग एवढीच.

आता खेड्यातल्या घरात रिकामी आणि बंद खोली कुठून आणायची? सपरी चहूकडून उघडी. स्वयंपाकघरात कायम कोणी तरी. कडी लागणारी एकच खोली, तिच्यात भाव वाढेल म्हणून संक्रांतीपासून आढ्यापर्यंत कापूस भरलेला. भाव काही वाढत नाही, आणि खोलीत नुसतं डोकावलं तरी अंगाला खाज सुटते. उरलं सांदवाडीतलं संडास. दार आहे, कडी आहे, आत कोणी मुक्कामाला राहत नाही.

तिथवर वायर ओढली. लाईन आली रात्री. बूट आत ठेवले, कडी लावली. आतून सूं सूं आवाज सुरू झाला आणि झरोक्यातून तो विशिष्ट वास यायला लागला. तेवढ्यात आबाजी टमरेल घेऊन हजर.

"कुठं ईज पडली का रे?"

नाक तयारीचं. वीज कडाडल्यावर हवेत येतो तो वास ओझोनचाच.

"आबाजी, अर्धा तास थांबा. आत गॅस हाय."

"गॅस तं मलेबी हाय, म्हून तं आलो ना बाप्पा!"

आबाजींना शेवटी शेजाऱ्यांकडे पाठवावं लागलं, आणि जाताना त्यांनी कारण सगळ्या गल्लीला ऐकवलं.

सकाळी बुटांचा वास खरोखर गेला होता. संध्याकाळी वसुलीवरून परतलो तेव्हा तो माझ्याबरोबरच परत आला. ओझोन बुटाला लावता येतो, पायाला लावता येत नाही, आणि जंतूंचं माहेर पायाकडे. शिवाय ताणलेल्या रबराशी या गॅसचं जुनं वैर. टायरवाले त्यासाठी रबरात वेगळी रसायनं घालतात, माझ्या बूटवाल्यानं घातली नव्हती. घोट्याजवळच्या रबरी पट्टीला बारीक तडे गेले आणि बूट चालताना टाच सोडायला लागला.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी साबणानं पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करायला सांगितली. सुती मोजे घाला, बुटाचे दोन जोड आलटूनपालटून वापरा म्हणजे एक पुरता वाळतो, असंही बोलले. बायकोनं हे सगळं माझ्यासमोर डॉक्टरांकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

पण गावात तोवर गवगवा झाला होता, की पिग्मीवाला संडासात वीज पाडते. आता वसुलीला गेलो की पासबुकाच्या आधी पोरांचे शाळेचे बूट पुढे येतात. किराणा दुकानवाल्या भाऊंकडे महिन्याची पिग्मी थकली आहे. काल मागितली, तर त्यांनी गल्ल्याखालून तोंड घट्ट बांधलेली एक पिशवी काढली.

"पैशाचं पाहू मंग. पहिले हे नेजो, अन् उघडजो घरी गेल्यावर."