चीनच्या ‘स्वतंत्र’ गणिका आणि बाहेर पडायची हजार नाणी

चिनी मालिकांचं वेड लागलेल्या माझ्या भाचीनं घरच्या ग्रुपवर एक व्हायरल पोस्ट टाकली, वर ‘किती भारी ना!’ पोस्टचं म्हणणं असं: जुन्या चीनमधल्या गणिका त्या काळच्या सर्वांत स्वतंत्र स्त्रिया, स्वखुशीनं या पेशात यायच्या, फक्त कला विकायच्या, देह नाही, शिकलेल्या बायका काय त्या त्याच, आणि समाजात त्यांना राणीसारखा मान. पुरावा म्हणून खाली एक जुनं चित्र.

आधी ते ‘स्वखुशीनं’ बघू, कारण डोकं फिरतं ते तिथंच. तांग राजवटीच्या काळात (सातवं ते दहावं शतक) राजधानी चांगआनमधल्या पिंगकांग पेठेत गणिकांची वस्ती होती. तिथं ऊठबस असलेल्या सुन ची या गृहस्थानं ८८४च्या सुमारास त्या वस्तीवर ‘बेईली झी’ नावाचं पुस्तक लिहिलं. माणूस या बायकांचा चाहता, टीकाकार नव्हे. तरी तोच सांगतो की यातल्या कित्येक मुली लहानपणी भीक मागणाऱ्या, नाहीतर गरिबाघरून आणलेल्या. काही चांगल्या घरच्या मुलींना तर लग्नाच्या नावाखाली नेऊन विकलेलं. मालकिणीला ‘आई’ म्हणायचं, आणि गाणं शिकताना जरा ढिलाई झाली की चाबूक. पेठेबाहेर पडणं मुश्कील. बाओतांग मंदिरात प्रवचन असलं की जाता यायचं, पण त्यासाठीही या ‘आई’ला हजार नाण्यांची एक माळ मोजून द्यायची. ही म्हणे स्वतंत्र बाई!

त्याच पुस्तकात फुन्यांग नावाची एक गणिका खुद्द सुन चीला रडत विनवते की मला सोडवून ने, खर्च काही फार नाही. त्याचं उत्तर काय? तुझं मन कळतं, पण सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या माणसाला हे शोभायचं नाही. आणि हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

‘फक्त कला’ वगैरे सोडा. गणिकांच्या वरच्या दर्जाच्या घरांत पाहुण्याला मनधरणी करावी लागे हे खरं, पण मिंग काळातल्या (चौदावं ते सतरावं शतक) एका लोकप्रिय कथेतसुद्धा मालकीण मुलीला दारू पाजून तिची पहिली रात्र विकते. वाचकांना ते नवल वाटलं नसणार.

शिक्षणाचं अर्धं मान्य करते, करावंच लागतं. गणिका श्वे ताओच्या कविता, गणिका मा शौझेनची ऑर्किडची चित्रं खरोखर उत्तम आहेत. पण ‘त्याच’ शिकलेल्या? सोंग काळातली (दहावं ते तेरावं शतक) ली चिंगझाओ चीनची सर्वांत नावाजलेली कवयित्री, आणि ती गणिका नव्हती. १६६७ साली वांग द्वानशूनं सुमारे हजार कवयित्रींचा संग्रह छापला. त्यात घरंदाज बायकांचीच रीघ आहे.

मान? गाण्याबजावण्याच्या घराण्यांवरचा वंशपरंपरागत हीनपणाचा शिक्का योंगझेंग बादशहानं १७२३मध्ये काढला. तोवर तो सरकारदरबारी होता. लिऊ रुशी या गणिकेशी एका नामवंत विद्वानानं १६४१मध्ये रीतसर लग्न केलं. १६६४मध्ये तो वारल्यावर भाऊबंदांनी पैशासाठी असा तगादा लावला की तिनं गळफास घेतला.

राहिलं ते चित्र. ‘हान शीझाईची रात्रीची मैफल’. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे ती सोंग काळातली नक्कल मानतात. मूळ चित्राबद्दल परंपरा सांगते की दक्षिण तांगच्या (तांगनंतरचं एक छोटं राज्य) राजाला आपला हा मंत्री हान शीझाई घरी काय रंग उधळतो ते जाणून घ्यायचं होतं, म्हणून त्यानं चित्रकाराला पाठवलं. म्हणजे चौकशी मंत्र्याची. तिथं वाजवणाऱ्या-नाचणाऱ्या बायका स्वखुशीनं आल्यात का, हे बघायला त्याला कुणी पाठवलंच नव्हतं.